घरातल्या शब्दाने लागलेला छडा

हुपरीतल्या त्या चोरीचा तपास मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

एका सकाळी पन्नाशीच्या एक विधवा कारागीर बाई फिर्याद द्यायला आल्या. त्या कागलला लग्नाला गेल्या असताना त्यांच्या घरच्या कारखान्यातून चांदीचे पैंजण घडवायचे अकरा लोखंडी ठसे चोरीला गेले होते. नक्षी सासूबाईंनी काढलेली, ठसे सासऱ्यांनी कोरलेले. तसा माल गावात दुसरं कोणी करत नव्हतं.

"चांदी गेली असती तर पुन्हा आणली असती, साहेब," बाई म्हणाल्या. "ह्ये गेलं म्हंजे माझं काम बंदच की."

पंचनाम्यात दिसलं, की कुलूप शाबूत होतं आणि मागच्या खिडकीचा सैल गज काढलेला होता. म्हणजे चोर घरात वावरलेला. पूर्वीच्या कामगारांना बोलावून विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. भंगारवाले तपासले. त्यातल्याच एकाने चार दिवसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्याकडं कशाला हुडकताय? असला माल आता मोबाईलवर इकत्यात."

आमच्या महिला हवालदार संगणकावर बसल्या. 'पैंजणाचे ठसे विकणे आहे' असं शोधलं की देशभरातल्या जाहिरातींचा ढीग समोर यायचा. दोन दिवस त्या फोटो बघत होत्या. शेवटी मी फिर्यादी बाईंना पुन्हा बोलावलं.

"मावशी, बाजारात काय म्हणतात ते राहू दे. तुम्ही घरात या ठशांना काय म्हणता?"

बाई जरा संकोचल्या. "घरात व्हय? शाळूकणी. शाळूच्या कणसावानी दाणं हाईत म्हणून सासूबाईंनी ठेवल्यालं नाव. भाईरच्यांना ठावं न्हाय."

हवालदारांनी तो शब्द टाकला, पुढे 'ठसे' आणि 'कागल' जोडलं. कागल त्यांनी का जोडलं? पूर्वीच्या कामगारांपैकी एकजण आता तिकडे राहायला गेला होता. एकच जाहिरात आली. 'शाळूकणी ठसे, पूर्ण संच.' फोटो बघताच बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "माझंच हाईत," एवढंच म्हणाल्या.

आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवलं आणि त्या माणसाला संचासकट ताब्यात घेतलं. चार वर्षं बाईंकडे पॉलिशचं काम केलेला तो गडी. चौकशीत ठाम होता. "भंगारवाल्याकडनं घेतलंय, साहेब. कुणाचं हाय मला काय ठावं?"

"भंगारवाल्याने काय म्हणून दिलं?"

"पैंजणाचं ठसं म्हणून."

"मग शाळूकणी हे नाव तुला कुणी सांगितलं?"

तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. रोज कानावर पडून तो शब्द त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की सगळा बाजार असंच म्हणतो असं त्याला वाटलं.

अकराचे अकरा ठसे मिळाले. न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत दिला, त्या दिवशी अख्खं ठाणं बाहेर येऊन उभं होतं. बाईंनी एकेक ठसा पदराने पुसून पिशवीत ठेवला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वस्तूचं वर्णन विचारत आलो होतो: रंग, वजन, किंमत. ती वस्तू घरात कोणत्या नावाने ओळखली जाते, हे कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक फिर्यादीला तो प्रश्न विचारू लागलो, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ लागलो.