दोघांपुरता बाक

टेकडीखालच्या आमच्या स्टेशनात छोटी लाइन जाऊन मोठी आली, फलाट उंच झाला, पण बाक एकच राहिला, दोघांपुरता. एक म्हातारा रोज त्यावर दुपट्टा टाकून जागा धरायचा आणि निवांत चहाला जायचा.

एकदा तो दुपट्टा टाकायला विसरला. परत आला, तर बाकावर वानर आडवं पसरलेलं. मी दगड उचलला.

"काऊन मारता भाऊ? दुपट्टा मीच नाई टाकला. आधी आला, तो बसला," म्हणत गाडी येईपर्यंत तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपट्ट्याशेजारी एक रुमालही होता. तो सरकवून मी बसू लागलो.

"तिथी नोका बसू भाऊ. त्याची जागा हाये."

गाडी दीड तास लेट होती. समोरच्या मोहाच्या झाडावर बसून वानर मला उभं असलेलं बघत होतं.