बोल्टची भाजणी

सुदुंबऱ्याजवळच्या एका लहान कारखान्यात मी बोल्टची तपासणी करायचे. बोल्ट ट्रकच्या ब्रेकला लागणारे, जास्त ताकदीचे. आमच्याकडे त्यांना गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा चढे. तिथल्या सुपरवायझरचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. पुढंही जमवायचा प्रयत्न दोघांनीही केला नाही.

भांडणाचं मूळ हायड्रोजन. मुलाम्याआधी बोल्ट आम्लाच्या टाकीत धुतात. आम्ल गंज खातं, मग लोखंडालाही लागतं आणि हायड्रोजन सुटतो. त्याचे दोन अणू एकत्र येऊन बुडबुडा झाला, वर आला, तर विषय संपला. तिथं काडी ओढू नये इतकंच. पण काही अणू जोडी होण्याआधीच पोलादात शिरतात. मुलामा चढताना आणखी शिरतात. मऊ लोखंडाचं त्यानं फारसं बिघडत नाही. कडक पोलाद मात्र आतून ठिसूळ होतं. बोल्ट दिसायला चकचकीत, आवळला तरी शाबूत, आणि एक-दोन दिवसांनी कुणी हात न लावता तुटतो. म्हणून मुलाम्यानंतर चार तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये घालून आठ तास तापवायचे, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. कामावरच्या बायका याला भाजणी म्हणत.

सुपरवायझरला भाजणी म्हणजे वेळेची नासाडी वाटे. "मॅडम, तुमचा त्यो गॅस एकदा दाखवा की मला. न्हाई ना दिसत? मग?"

बायका जेवणाआधी डबे ओव्हनच्या माथ्यावर ठेवत. आम्लाच्या कारखान्यात अन्न उघड्यावर नको, म्हणून मीच तिथं बंदीची पाटी लावली होती. ती कुणी मानली नाही. एका शनिवारी साडेबाराला पॅकिंगमधल्या मावशी पाटीखालून डबा काढताना मला दिसल्या. मी बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "वरडू नका ताई. आज भाजणीच न्हाई. भाकर गारढोण हाय बगा."

मी ओव्हनच्या दाराला तळहात लावला. थंड.

चार वाजता सुपरवायझर सहीसाठी कागद घेऊन आला. ओव्हन सकाळी सहा ते दुपारी दोन, असं त्याच्याच अक्षरात. बोल्ट पेट्यांत भरून तयार.

"ओव्हन साडेबाराला बंद होता," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"भाकरी."

तो मोठ्यानं हसला. मग मालकांना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर म्हणाला, "बायकांच्या भाकरीवरनं लॉट अडवत्यात ह्या. स्वतः पाटी लावली आन् स्वतःच डबं हुंगत फिरत्यात."

मालकांनी घड्याळ पाहिलं. सोमवारी सकाळपर्यंत मुदत दिली. खोट निघाली नाही तर लॉट जाईल आणि सोबत मीही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. ते ओरडले असते तर मला कमी राग आला असता.

मी लॉटमधून दहा बोल्ट उचलले, जाड पोलादी पट्टीत बसवले आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलं ते मोजणारा पाना, सुपरवायझरच्या हातात दिला. मी आवळले असते तर जास्त आवळले म्हणाला असता. त्यानं दात खाऊन, पण मापानं, दहाही आवळले.

"तुटला एक तरी?"

"सोमवारी बघू."

"बघा. येताना डबा गरम करून आणा."

पट्टी ठेवली त्या तपासणीच्या खोलीला कुलूप लागलं, किल्ली मालकांनी नेली. रविवार मी मळवलीला घरी काढला. पितळेची भांडी घासली, शेजारणीशी उगाच भांडण काढलं. एकही तुटला नाही तर काय, हा विचार येत होताच. नोकरी मिळाली असती दुसरी. पण ते बोल्ट घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकला बसले असते.

सोमवारी मालकांनी कुलूप काढलं. तीन बोल्टची डोकी फरशीवर पडली होती. मालकांनी एक उचलून सुपरवायझरच्या तळहातावर ठेवलं. तो म्हणाला, "मालच खराब आला आसंल." मालक म्हणाले, "लॉट भंगारात काढा." मला शाबासकी कुणी दिली नाही. मीही वाट पाहिली नाही.

त्याच दुपारी सुपरवायझरनं ओव्हनच्या माथ्यावर जाळी ठोकली. पाटी तुमची, अंमल माझा, असं मला ऐकवलंही. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. बायकांनी मात्र सगळं माझ्याच नावावर मांडलं. चहाला बोलावणं बंद. मावशी डबा उघडून माझ्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताईचं बोल्ट गरम, आमची भाकर गार."

मी ओव्हनचा काटा पाहिला, दाराला हात लावून खात्री केली आणि त्या दिवसाच्या लॉटवर सही केली.