बाबांची खात्री

माझ्या आईला संशय घ्यायला एरवी कारण लागत नसे, पण त्या वेळी कारण होतं. ताईसाठी आलेल्या स्थळाबद्दल बाबांना फारच खात्री होती. बाबा म्हणजे भाजीवाल्यानं भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी दहा वेळा मोडून बघणारा माणूस. आणि या पोराबद्दल मात्र म्हणायचे, "डोळे मिटून द्या. पोरगं दारू पेत न्हाई." आई विचारायची, "तुमाला काहून एवढी खात्री?" की लगेच बाबा खाटेखाली चप्पल शोधायला लागायचे.

पोरगा मूळचा डोंगरकड्याचा, जवळच्या पुसेगावच्या शाळेवर मास्तर, आमच्याच हिंगोलीत खोली करून एकटा राहणारा. बघायला आला तेव्हा पोह्यांची रिकामी बशी स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. आमच्याकडं पाव्हण्यांत आलेल्या पुरुषानं आजवर असलं काही केलं नव्हतं. ताई त्या बशीवरच भाळली. दुसऱ्या दिवसापासून झाडताना गुणगुणायला लागली. मी नववीत होते आणि घरच्यांवर नजर ठेवणं हाच माझा उद्योग होता.

आमच्या घरात दारू हा हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता. मी लहान असताना बाबा पीत. त्या दिवसांचं मला फार आठवत नाही, ताईला मात्र सगळं आठवतं, आणि त्याबद्दल माझा बाबांवर अजून राग आहे. मग एका पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर त्यांनी दारू सोडली. तेव्हापासून दर पौर्णिमेला आम्ही वंदनेला जायचो. पाचवं शील म्हणजे दारूला न शिवण्याचं. ते म्हणताना आईचे हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि कान बाबांकडं. घरी येताना वाटेत म्हणायची, "आज पाचव्याला आवाज बारीक झाला व्हता तुमचा." बाबा म्हणायचे, घसा बसला. त्यांचा घसा हल्ली दर पौर्णिमेला बसायचा.

होकार कळवायचा तेवढा राहिला होता, तेवढ्यात शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला कपडे शिवता शिवता आईला बोलून गेल्या, "लडका तो अच्छा है, मगर रोज शाम को औंढा रोडवाले गार्डन में दिखता है." गार्डन म्हणजे लिंबाखाली टेबलं, एका अंगाला परमिट रूम आणि मागच्या बाजूला पडदे लावलेली फॅमिली रूम. आईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं जाहीर केलं, "शनवारी समदे तिथंच जेवायला जाऊ. पडद्याआडून आपल्या डोळ्यानं बघू."

बाबा एकदम उखडले. "बायामाणसांनी जायची जागा हाय का ती?"

"मंग फॅमिली रूम काय म्हशींसाठी बांधली?" आई म्हणाली.

शनिवारी आम्ही चौघं गेलो. मालक मोठा मोकळा माणूस, गल्ल्यावरून उठून आला. "या वहिनी, आपलंच घर समजा," म्हणाला. बाबांना काही म्हणाला नाही. त्यांच्याकडं बघायचंच टाळलं त्यानं. मला ते खटकलं. आत बसलो. म्हातारा वेटर आला, तोही बाबांना ओळखीच्या माणसासारखं हसला आणि लगेच हसू गिळून "काय घेणार साहेब?" म्हणाला. आई शेवभाजी सांगत होती. बाबा म्हणाले, "इथली शेवभाजी लई तिखट असती, तू दाल सांग."

आईनं मान वळवली. "तुमाला कसं ठावं?"

"लोकं म्हनतात ना."

आईनं शेवभाजीच मागवली. थोड्या वेळानं बाबा हात धुवायला उठले आणि कुणाला न विचारता सरळ त्या भिंतीमागं गेले, जिथं बेसिन होतं. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. तिनं फक्त पाण्याचा गिलास इकडचा तिकडं केला. ताईचं मात्र या कशाकडंच लक्ष नव्हतं. तिचा जीव पडद्याच्या फटीला टांगलेला.

मग तो आला. सोबत दोघं जण, त्याच्याच शाळेतले असावेत. लिंबाखाली बसले. टेबलावर बाटली आली, चकणा आला, तिघांपुढं तीन गिलास. त्याच्या गिलासात काळपट लाल काहीतरी होतं. त्यानं तो उचलला आणि प्यायला.

आई उठली. पदर खोचला. "चला. झालं बघून. ह्या घरात पोरगी द्यायची न्हाई."

ताईनं हातातला रोटीचा घास ताटात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मला रडू यायला लागलं, आणि त्या पोरापेक्षा जास्त राग आईचा आला, ही बया स्वतःच्या डोळ्यांवर एवढा भरवसा कसा ठेवते म्हणून.

"खाली बस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्यो पेत न्हाई. त्या गिलासात कोल्ड्रिंक हाय. सोबती पेतात, हा दाल-रोटी खातो आन खोलीवर जातो. वरीसभर बघून राहिलो मी."

"कुठून बघून राहिले?"

बाबांनी पडद्याच्या फटीतून बोट दाखवलं. परमिट रूमच्या खिडकीजवळ, पंख्याखाली एक रिकामं टेबल होतं. "तिथून," ते म्हणाले आणि मान खाली घातली. ताई बापाकडं बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती शेवभाजी त्यांच्या अंगावर ओतावी. एवढी वर्षं विहारात हात जोडून खोटं बोलले, आणि खरं बोलायला हीच जागा सापडली.

आई पडदा सारून बाहेर गेली. तो पोरगा गडबडून उभा राहिला, "जय भीम" म्हणाला. आईनं त्याच्यापुढचा गिलास उचलला, वास घेतला आणि सगळ्या गार्डनसमोर एक घोट प्यायली. मग विचारलं, "आमचे हे इथं येतात, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"कसं सांगावं, आई. पोरीच्या बापाचं."

आई आत आली, बसली, रोटी मोडली. शेवटी ती म्हणाली, "उद्या त्यांच्या घरी होकार कळवा. ह्या एका गोष्टीत तुमच्यावर इस्वास ठेवते." आणि थोड्या वेळानं, "विहारात मात्र पाचवं शील आता म्हनायचं न्हाई. चार म्हना, आन तोंड मिटून उभे ऱ्हा."

पुढच्या पौर्णिमेपासून बाबा तसेच उभे राहायला लागले. सगळा विहार पाचवं शील म्हणायचा आणि माझे बाबा ओठ मिटून जमिनीकडं बघत. लोकांच्या लक्षात यायचं. ताईचं लग्न लागलं, तिथल्या वंदनेतही ते असेच उभे राहिले. बाबांनी पिणं कधी सोडलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. रोज संध्याकाळी दारात त्यांच्या तोंडाचा वास मात्र घ्यायची.

ताईचं पहिलं लेकरू घेऊन आम्ही विहारात गेलो, त्या दिवशी पाचव्याला बाबांनी आईकडं बघितलं. आईनं भर विहारात त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं, वास घेतला आणि मान डोलावली. बाबांनी पाचवं शील म्हटलं. मध्येच रडू फुटलं त्यांना, पण शेवटपर्यंत म्हटलं.

घरी येताना आई आमच्या पुढं चालत होती. मागं न बघता म्हणाली, "आज आवाज बराबर व्हता."