बुटात एक बोट जागा

आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. वडिलांचा नियमच होता, काही घ्यायचं तर ते वाढत्या अंगाचं. फ्रॉक घ्यायचा तो पोटऱ्यांवर लोंबणारा, दर वर्षी त्याची एक दुमड उसवायची. शाळेचे कॅनव्हासचे बूट घ्यायचे ते पुढे एक बोट जागा ठेवून. दुकानात वडील माझ्यासमोर उकिडवे बसायचे, बुटाचं टोक अंगठ्यानं दाबायचे आणि आत पोकळ लागलं की त्यांचा चेहरा खुलायचा. त्या पोकळीत कापूस भरून मी शाळेला जायचे. पाय वाढून बूट बरोबर बसायला लागायचा तोवर तळ गेलेला असायचा. म्हणजे आधी ढगळ आणि मग फाटकं. मधली, मापाची अशी अवस्था आम्हाला ठाऊकच नव्हती.

वडील स्वतःही त्यातलेच. अंगानं लहानखुरे, आणि पायात थोरल्या काकांनी वापरून दिलेले पंपशू, पुढे वर्तमानपत्राचा बोळा घातलेले. टाच बुटात राहायची नाही, त्यामुळे चालताना चटक-फटक असा आवाज व्हायचा. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर आले की वरच्या मजल्याला कळायचं.

लहानपणी हे ठीक होतं. पण मी एकोणतीस वर्षांची झाले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चांगली मुरले, तरी नियम चालूच होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गिरगावातल्या दोन खोल्यांत वडील आणि मी, दोघंच. वडील नोकरीतून मोकळे झालेले, त्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात आलेली. संध्याकाळ झाली की धोतर, कोट, काळी टोपी अशा वेशात ते सभेला निघायचे. एकही सभा त्यांनी कधी चुकवली नाही.

अशा दिवसांत मी स्केटिंग शिकत होते. बर्फावर पोलादी पात्यांचे बूट घालून गिरक्या घेणाऱ्या बायका मी फक्त कॅलेंडरवर पाहिल्या होत्या. मुंबईत बर्फ सरबतात नाहीतर मासळीच्या टोपलीत. आमचं स्केटिंग चाकांवरचं. प्रत्येक पायाखाली चार चाकं आणि चाकांखाली रिंकची, म्हणजे स्केटिंगच्या हॉलची, गुळगुळीत लाकडी जमीन. एक्स्चेंजमधली एक मैत्रीण मला गंमत म्हणून घेऊन गेली. तिनं दुसऱ्याच दिवशी सोडलं, मी मात्र चिकटले. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांच्या तारा जोडत बसायचं, आणि संध्याकाळी पायाखालची जमीन आपसूक मागे जायला लागायची. मला इतका आनंद व्हायचा की एकटीच मोठ्यानं हसायचे. पडले तरी हसायचे.

पाचवारी नेसून चाकांवर उभं राहणं म्हणजे पडायला आमंत्रणच. म्हणून शेजारच्या काकूंनी मला त्यांचं नऊवारी लुगडं घट्ट काष्टा घालून नेसायला शिकवलं. "असा कासोटा मारून आमच्या आजेसासूबाई विहिरीत उतरायच्या," त्या म्हणाल्या. "तू चाकांवर चढ. कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव." वडिलांनी नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले, "मुंबई मिळायची अजून बाकी आहे, त्याआधी आमच्या घरात चाकं आली."

शिकवायला एक वयस्कर पारशी बाई होत्या. गळ्यात शिट्टी, नजर करडी. त्यांनी जमिनीवर दोन मोठी वर्तुळं रंगवून घेतली होती, एकमेकांना टेकलेली, आठाच्या आकड्यासारखी. उजव्या पायावर एक पूर्ण वर्तुळ घ्यायचं, मध्यावर पाय बदलायचा आणि डाव्या पायावर दुसरं. वर उचललेला पाय खाली टेकला की संपलं. नाताळाच्या आधी बाई याची परीक्षा घ्यायच्या. ज्यांना आठ जमला त्या रविवारच्या आकृत्यांच्या तुकडीत, जिथे वळणं, गिरक्या, उलटं जाणं शिकवायच्या. ज्यांना जमला नाही त्या पुन्हा कठडा धरून चालणाऱ्या शाळकरी पोरींमध्ये. मी आदल्या वर्षी पाय टेकून बसले होते. पुढच्या वर्षी तिशी लागणार होती. दोन वेण्यांच्या पोरींच्या रांगेत आणखी एक वर्ष उभं राहणं मला शक्य नव्हतं. यंदा आठ जमला नाही तर सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मी तोवर भाड्याच्या चाकांवर होते. आपल्याच कॅनव्हासच्या बुटांना खालून पट्टी लावायची आणि चावीनं आवळायची. सरळ जायला ती पुरायची, पण वर्तुळ घेताना घोटा डगडगायचा. बाई म्हणाल्या, "डिकरी, तुजा पाय बरोबर बोलते, पन आ भाड्याच्या चाकाला ऐकू येत नाय. सोताचा बूट करून घे. घोट्याला धरून ठेवेल असा."

परदेशी बूट तेव्हा मिळत नव्हते. बाईंच्या कपाटात मात्र पोलादी पट्ट्या आणि चाकांचे दोन जोड होते, एक लोखंडी चाकांचा आणि एक लाकडी. बुटाखाली काय घ्यायचं ते ठरवायला वडील माझ्याबरोबर आले. येणारच. त्यांनी लोखंडी चाक बोटानं फिरवलं, खूश झाले. "हे नातवंडांपर्यंत पुरेल."

"आधी मला पुरू दे," मी म्हटलं.

लोखंडी चाक लाकडी जमिनीवर खडखडतं आणि वळताना सटकतं. लाकडी चाक झिजतं खरं, पण जमीन धरून राहतं. बाईंनी हे दोनदा समजावलं. वडिलांना झिजणाऱ्या वस्तूवर पैसे घालणं पटेना. शेवटी तह झाला. चाकं माझ्या मनासारखी, बूट त्यांच्या मनासारखे.

परळला भोईवाड्याच्या अंगाला एक बूटवाला होता. गिरण्यांच्या फुटबॉल टीमचे बूट शिवायचा. त्यानं माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारली. चामडं जाड हवं, घोट्याशी दुहेरी हवं, नाडी वरपर्यंत हवी, हे मी बाईंनी सांगितलं होतं तसं घडाघडा सांगितलं. मग वडील म्हणाले, "आणि पुढे एक बोट जागा ठेवा."

"ठेवतो," बूटवाला म्हणाला. "सांजेक पाय सुजतत, जागा होयीच."

मीही मान डोलावली. मलासुद्धा त्यात काही वावगं वाटलं नाही. बूट म्हटलं की पुढे एक बोट जागा असतेच, हे आमच्या रक्तातच होतं.

बूट आले ते देखणे आले. मी त्यांना शाळेच्या बुटांना लावतात तो पांढरा रंग फासला, खाली पट्ट्या आणि लाकडी चाकं बसवून घेतली, आणि चाळभर दाखवून आणले. रिंकवर पहिल्याच वर्तुळात आडवी झाले. दुसऱ्यात बसले. पाय वळायचा, बूट मागाहून वळायचा. टाच वर उचलली जायची. दोन जोड मोजे घातले, कापूस भरला, सगळं करून पाहिलं. बाई शिट्टी वाजवून आल्या, वाकल्या आणि बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. अगदी वडिलांसारखं. पण त्यांचा चेहरा खुलला नाही.

"आ जागा कोनासाठी? मुंबईमधे लोकांना ऱ्हायला जागा नाय, आनि तुज्या बुटात एक खोली रिकामी?"

सगळ्या पोरी हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत त्या हसण्याचा राग झाला होता. परीक्षेला आठवडाभर उरला होता. मी बूट कॉटखाली ढकलले आणि वडिलांवर तुटून पडले. "मी एकोणतीस वर्षांची आहे, बाबा! किती वर्षं झाली माझे पाय वाढायचे थांबून! कुणासाठी ठेवलीत तुम्ही ही जागा?" परळला मीही मान डोलावली होती, पण राग आला की मला अशा गोष्टी आठवत नाहीत. वडील उठले. बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. पलीकडून काकूंनी खिडकी लावून घेतल्याचं ऐकू आलं, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघं मिठाला धरून बोलत होतो. भाजीत मीठ कमी आहे, आमटीत जास्त आहे, एवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुंबईत हरताळ होता. दुकानं बंद, बस बंद, ट्राम बंद. एक्स्चेंजची ड्यूटी मात्र चुकत नाही. ती संपवून मी चालत घरी आले तर वडील नव्हते. कॉटखाली पाहिलं, बूटही नव्हते. मला धडकी भरली. रागाच्या भरात बूट कुणाला देऊन टाकले की काय! चाकांसकट! काकू म्हणाल्या, "सकाळीच पिशवी घेऊन गेले. मला म्हणाले, सभेला जातो. मी म्हटलं, सभेला पिशवी कशाला?"

रात्री नऊच्या सुमाराला जिन्यावर चटक-फटक ऐकू आलं. वडील आत आले, पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि धापा टाकत खाली बसले. पिशवीत दोन जोड होते. एक माझा, तळाची चाकं काढलेला. दुसरा कोरा, आणि चाकं त्याला बसवलेली.

माझ्याशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते परळला गेले होते. माझ्या पायाचा कागद बूटवाल्याकडे होताच. रेघेवर रेघ, तसूभर जास्त नाही, असा जोड त्यांनी सांगितला होता. तो तयार झाला होता, पण चाकं जुन्या बुटांना होती. ती या बुटांना लावायला हरताळाच्या दिवशी ते गिरगावातून परळपर्यंत चालत गेले, त्या पंपशूंत. आणि बूटवाल्याचं दुकान बंद.

"दुकान बंद हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"हरताळ आहे म्हणजे बंद असणारच. तो मागंच राहतो, म्हटलं बघू. तर म्हणतो, 'काका, आज दुकानाची फळी काढूचंय नाय मी. मुंबईचो प्रश्न आसा.' आता मी त्याला काय सांगणार? मीच रोज सभेत तेच सांगतो. म्हटलं, नकोच काढू. मग बसलो त्याच्या ओट्यावर. त्याच्या बायकोनं पेज वाढली. दिवस मावळला, हरताळ संपला, तेव्हा त्यानं फळी काढली आणि चाकं बसवून दिली."

मी बूट घातले. पाय आत जाताना चामड्यानं त्याला चहूकडून धरलं. बोटं टोकाला जेमतेम टेकली, गुडघे वाकवले तेव्हा किंचित मागे आली. असं काही मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. सवयीनं वडील पुढे सरकले आणि टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. आत पोकळ नव्हतं. त्यांनी अंगठा तिथंच ठेवला.

"मापाचं घ्यायचं म्हणजे आता हिचं काही वाढायचं राहिलं नाही, असं म्हणण्यासारखं," ते म्हणाले. "तुझ्या बाबतीत मला ते कधी म्हणवलं नाही."

मला रडू आलं. मी नाडी बांधायच्या निमित्तानं मान खाली घातली आणि नाडीची निरगाठ करून ठेवली. ती सोडवायला काकूंना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रिंकच्या कठड्याशी वडील टोपी हातात धरून उभे होते. बाईंची शिट्टी झाली. मी उजव्या पायावर निघाले. लाकडी चाकांचा आवाज मंद, रवीनं ताक घुसळावं तसा. पाय वळला आणि त्याच क्षणी बूटही वळला. पहिलं वर्तुळ पुरं झालं. मध्यावर पाय बदलला. डावा माझा कच्चा, शेवटच्या वळणावर अंग डुललं, वर उचललेला पाय खाली यायला निघाला, पण घोटा बुटानं धरून ठेवला होता. रंगवलेली रेघ संपली तेव्हा मी अजून एकाच पायावर होते. कठड्यापाशी वडिलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांची टोपी खाली पडली. बाई म्हणाल्या, "रविवारी ये. टाइमवर."

रविवारच्या तुकडीत मी पुढं बरीच वर्षं गेले. चाकं झिजली, दुसरी बसवली. वडील प्रत्येक वेळी म्हणायचे, लोखंडी घेतली असतीस तर.

जुने बूट कॉटखाली पडून होते. वाया घालवणं हे वडिलांच्या नियमात कुठं बसत नव्हतं. एक दिवस त्यांनी पांढरा रंग खरवडून काढला, तळाची भोकं लाकडाच्या खुंट्या मारून बुजवली आणि वर काळं पॉलिश चढवलं. आम्ही पाहून खूप हसलो. मग मुंबई मिळाली. शिवाजी पार्कावर सगळी गर्दी लोटली, तेव्हा ते बूट घालून धोतरात वडील माझ्यापुढे चालत होते, आणि त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता. गर्दी थांबली तेव्हा मी खाली वाकले आणि त्यांच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. त्यांचा पाय अगदी टोकापर्यंत होता.