काकीच्या विहिरीचं पाणी

बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा आम्हाला गॉथिक कथा होत्या. ओसाड किल्ले, कुलूपबंद खोल्या, पांढरीफटक माणसं. मला मेलं हसूच यायचं. किल्ला काय, आमच्या वसईतही आहे; तिथे रविवारी पोरं क्रिकेट खेळतात. पण एकदा मॅडम म्हणाल्या, "या गोष्टींत पाप करणारा तोंडाने काही कबूल करत नाही. मग त्याचं अंग कबूल करतं. हात लुळा पडतो, ताप उतरत नाही, डॉक्टरला काही सापडत नाही." माझं हसू तिथेच थिजलं. कारण घरी बाबांना सहा महिने सगळं खारट लागत होतं.

सगळं म्हणजे सगळंच. भात, चहा, अगदी वाडीतलं केळंसुद्धा. "मीठ काय घमेल्याने ओततेस?" म्हणून ते आईवर खेकसायचे. आईने मीठ कमी केलं, मग बंदच केलं. आम्ही सगळे अळणी गिळायला लागलो, तरी ते ताट सरकवायचेच. डॉक्टरांनी शुगर बघितली, बीपी बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं नॉर्मल.

मला मात्र ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आचोळ्याकडे बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठत होत्या आणि नळाला थेंब नव्हता. बाबांनी पापडी गावातल्या आमच्या विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि टँकर भरून द्यायला लागले. दिवसभर रांग. शेजारच्या वाडीत काकी राहायची, बाबांच्या चुलतभावाची विधवा. पानवेलींवर तिचं घर चालायचं. तिची विहीर समुद्राच्या अंगाला. आमच्या मोटरने जमिनीतलं गोडं पाणी ओढून घेतलं, तसं दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्यात समुद्राचं खारं पाणी चढलं, वेलींची पानं कडेने करपायला लागली.

काकी भांडखोर नव्हती हो. एका सकाळी तांब्याभर पाणी घेऊन ती आमच्या ओटीवर आली. गावातली चार माणसं बसलेली होती.

"भाऊजी, एवढं पिऊन बघा आणि तुम्हीच सांगा."

बाबा घटाघटा पाणी प्यायले, त्यांनी मिशी पुसली. "गोड आहे की! तुझ्याच जिभेचं काहीतरी बिघडलंय. दाखव कुणाला तरी."

माणसं हसली. काकीने तांब्या माझ्या हातात दिला. "तू सांग गं, तू कॉलेजात जातेस."

मी घोट घेतला. घशाखाली उतरेना इतकं खारट. बाबा माझ्याकडेच बघत होते.

"मला नाही बाई कळत," मी म्हटलं.

काकीने उरलेलं पाणी अंगणातल्या तुळशीपासून लांब नेऊन ओतलं आणि गेली. त्या वर्षी तिने वेली उपटल्या. त्यानंतर कधीतरी बाबांचं तोंड खारट झालं.

शेवटी त्यांच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. एके दुपारी माझा हात धरून म्हणाले, "मला तिच्याकडे घेऊन चल. त्या दिवशी खोटं बोललो मी."

"जाऊ की. जरा ताकद येऊ दे अंगात."

ताकद कुठून येणार होती, डोंबलाची! काकीचं घर पन्नास पावलांवर. खुर्चीत बसवून दोघांनी उचललं असतं तरी नेता आलं असतं. पण बाबांनी कबूल केल्यावर काकी माझ्याकडे बघणार, याची मला भीती वाटत होती. रोज ते विचारायचे, रोज मी उद्यावर ढकलायचे. तीन आठवडे ढकललं. मग ते गेलेच. शेवटचं पाणी मीच चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. ते तोंड मला अजून दिसतं आणि मी रडते.

तेरावं झाल्यावर मी काकीकडे गेले. परसात वेलींचे नुसते बांबू उभे होते. तिने चहा टाकला, म्हणाली, "पी निर्धास्त, टँकरचं पाणी आहे." मी सगळं सांगितलं. बाबांना यायचं होतं, मी आणलं नाही, आणि तेव्हा मलाही खारटच लागलं होतं.

काकीने चहा गाळला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"भाऊजी गोडच म्हणणार, हे मला घरातून निघतानाच माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तांब्या तुझ्या हातात दिला होता."