मोटारसायकलच्या इंजिनाची मोटार

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गॅरेजातून एकही गाडी कधी अर्धवट बाहेर गेली नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. गॅरेज कागदावर अर्बाबचं, म्हणजे आमच्या ओमानी मालकाचं. पण पान्याला हात लावायचा तर मला विचारून. शाळा मी चौथीत सोडली. पुढचं सगळं शिक्षण कानाने आणि नाकाने. इंजिनाचा आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा वास घ्यायचा, की दुखणं कळायचं.

माझं वय झालं होतं, व्हिसा संपत आला होता, आणि आम्ही नवराबायकोने कायमचं कोकणात परतायचं ठरवलं होतं. त्याच वर्षी अर्बाबने बोटीतून एक भलीमोठी लाकडी पेटी मागवली. उघडली तर आत मोटार, पण सुट्या भागांत. पाइपांचा सांगाडा, फायबरची बॉडी, जमिनीला टेकतील अशा दोन सीटा. इंजिन मात्र पेटीत नव्हतं. ते त्याने एका आपटलेल्या मोटारसायकलचं घेऊन ठेवलं होतं. चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर.

"बाबा, जाने से पहले ये बनाओ," तो म्हणाला. "तुम गाँव जाएगा, ये इधर रहेगा. तुम्हारा निशानी."

निशाणी म्हटल्यावर मी काय सोडतो!

थंडी सुरू होईपर्यंत मोटार उभी राहिली. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, म्हणून हिलाही नव्हता. मागे घ्यायची तर उतरून ढकलायची. अर्बाब पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा एका हाताने सावरत ढकलायचा आणि हसायचा. पण रस्त्यावर काढायची तर मुल्किया हवा, म्हणजे नोंदणीचं कार्ड. परवानगीचे कागद त्याने आणले होते. राहिली होती ती फक्त तपासणी.

पहिल्या दिवशी गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून तपासणी केंद्रावर नेली. ब्रेक पास, दिवे पास. मग त्यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, धूर मशिनला दाखवला, आणि तपासनिसाने मान हलवली.

"बाबा, धुआँ पास नहीं. पेट्रोल जादा जाता है."

"तुम्हारा मशिन देखो पहले," मी म्हणालो.

तो पोरगा रागावला नाही. मागे उभ्या असलेल्या एका जुनाट पिकअपला त्याने तीच नळी लावली. पिकअप पास. तिचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला. हसायचं काय होतं त्यात!

परत येऊन मी चारही कार्ब्युरेटरचं पेट्रोल कमी केलं. आता गाडी उभ्या उभ्या स्लोवर धरेना. दोनदा फुरफुरली, की बंद. दुसऱ्या खेपेला तर नळी घालायच्या आतच रांगेत बंद पडली. मी तिथेच वाकून स्क्रू फिरवून थोडं पेट्रोल वाढवलं. मग चालू राहिली, आणि नापास झाली. म्हणजे कमी करावं तर मरते, वाढवावं तर धूर. प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. तिसऱ्या खेपेलाही तेच.

अर्बाब काही वेळ गाडीभोवती फिरला. मग हळूच म्हणाला, "बाबा, मस्कत में एक वर्कशॉप है. ऐसा गाडी उन लोग करता है. मैं कल रिकव्हरी बोलेगा."

"मेरा गाडी दूसरा आदमी करेगा?"

"बाबा, तुम्हारा टिकट है. तुम जाएगा, फिर मैं क्या करेगा?"

त्याचं चुकत नव्हतं. चुकत नव्हतं म्हणूनच जास्त लागलं. इतकी वर्षं इथे काढली, आणि शेवटची गाडी दुसऱ्याने पुरी करायची? मग ती निशाणी कोणाची? माझी की मस्कतवाल्याची?

"एक बार और," मी म्हणालो. "कल पास होगा."

"बोलो इन्शाल्ला."

"पक्का पास होगा."

"बोलो बाबा, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," मी म्हणालो. तेवढ्यापुरता हट्ट सोडला.

घरी आलो तर बायको घावनांचं पीठ ढवळत होती. मी हात धुतले आणि पाटावर बसलो.

"दे लवकर. परत जायचंय."

"तवा तापूद्या की."

"घाल गो, तापेल मागून."

"घाल म्हटलं की घालायचं? बघा मग." तिने रागाने एक घातलं. ते चिकटलं. तिने कडेने तेल सोडलं, उलथनं घातलं, आणखी तेल सोडलं. घावनाचा चुरा झाला आणि घरभर तेलाचा धूर. "आता खा हे. गार तव्यावर तेलाची बाटली ओतलीत तरी सुटत नाही ते. तेलाचा दोष नसतो, मेला तवा तापावा लागतो."

मी तो चुरा खात होतो. खाता खाता हात थांबला.

"काय झालं? मीठ कमी आहे?"

"नाही," मी म्हणालो, आणि उठलो.

"अहो, दुसरं घालते, बसा! तापलाय आता!"

मी चपला घातल्यासुद्धा होत्या.

काय झालं होतं ते सांगतो. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असेतो ती बंद राहते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. इथल्या उन्हाळ्यात ती झडप अडकली, की इंजिन उकळून बसतं. म्हणून आम्ही मंडळी गाडी हातात आली की आधी ती काढतो आणि रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. टॅक्सी असो, पिकअप असो. उंबऱ्याशी चपला काढाव्यात तशी ती झडप मी काढत आलो, आणि या इंजिनाचीही काढली. वर रेडिएटर मोटारीचा, मोठा. त्यात थंडीची सकाळ. त्यातही मी शहाणा, ट्रकवर नेताना रेडिएटरवर ओलं गोणपाट टाकून न्यायचो, की इंजिन ताजं राहावं. ती बिचारी तापतच नव्हती, आणि गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, अर्धं धुरातूनच बाहेर पडतं. गार तवा. आणि मी वरून तेल ओतत होतो.

काढलेल्या झडपा मी बिस्किटाच्या डब्यात टाकतो. टाकून देण्याचा माझा स्वभाव नाही. हिची लहान होती, लगेच सापडली. ती जागेवर बसवली, पंख्याची वायर पुन्हा होती तशी जोडली, आणि गाडी चालू करून समोर स्टुलावर बसलो.

काटा चढायला लागला. माझा हात आपोआप वायरकडे गेला. तो मी मांडीखाली दाबून धरला. चढला, आणखी चढला, मधोमध येऊन थांबला. थोड्या वेळाने पंखा आपला आपण सुरू झाला, आणि आपला आपण बंद झाला. मग मी एकेका कार्ब्युरेटरचं पेट्रोल कमी करत गेलो. गाडी मरेना. इतके दिवस सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. आता चुरचुरेनात.

सकाळी केंद्राच्या आवारात ट्रकवरून उतरवल्याबरोबर मी गाडी चालू केली आणि तशीच उभी ठेवली. पुढची रांग सरकली, मी हललो नाही. मागून हॉर्न.

"यल्ला बाबा, यल्ला!"

"गरम होने दो!" मी ओरडलो.

"गरम तो हम हो गया, बाबा!" मागचा म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा. पण काटा मधोमध आल्याशिवाय गिअर टाकला नाही.

तपासनीस तोच पोरगा. त्याने नळी घातली. मी मशिनकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने आकड्याकडे बघितलं, नळी काढली, परत घातली, परत बघितलं.

"क्या किया, बाबा?"

"पास बोलो पहले."

"पास. खलास."

मी गाडीच्या कडेला टेकलो. अर्बाब जवळ आला आणि भर आवारात माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, आपल्या बापाचं घ्यावं तसं. मग कागदपत्रं होऊन नंबर प्लेट लागल्यावर त्याने मला शेजारी बसवलं आणि समुद्राच्या बाजूने घेऊन गेला. वाऱ्याने टोपी उडेल म्हणून मी ती धरून होतो. रस्ता काही बघितला नाही मी. सगळा वेळ डोळा त्या काट्यावर.

घरी पोचलो तर बायको दारातच.

"झाली का पास?"

"झाली."

"काय बिघडलं होतं?"

"काही नाही. तापत नव्हती."

"एवढंच?"

एवढंच म्हणे! मी टोपी खुंटीला अडकवली, पोटभर जेवलो, आणि आडवा झालो तो एकदम चहालाच उठलो.