स्वल्प थांब

धाकट्या भावाने सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा मी गप्प बसले. पण हीरोही तोच होणार हे कळलं आणि माझं टाळकं फिरलं. साठीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"दिग्दर्शक तू, हीरो तू, मग 'कट' कोण म्हणणार रे? शेजारचे?"

"तू म्हण की, अक्का."

म्हटलं, सरी, बरं बाबा. काय करता!

कथा पुण्याच्या एका लेखिकेची. लेक कायमची घर सोडून निघते. जन्मात कधी मन मोकळं न केलेला पुण्याचा मास्तर बाप दारात एवढंच म्हणतो, "जरा थांब." ती थांबत नाही. कॉलेजात वाचल्यापासून भावाने ही कथा उराशी धरली होती. पण बाईंनी बजावलं होतं, आधी सिनेमा दाखवा, पटला तरच परवानगी. नाही म्हणाल्या की सगळं मुसळ केरात.

दाराचा प्रसंग बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या आमच्या घरीच घेतला. मास्तर झालेला भाऊ असा काही बोलला की कॅमेऱ्यामागे आम्ही सगळे नाक पुसत होतो. 'कट' म्हणायचं मी विसरूनच गेले.

बाई आल्या. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा लावला. मारतहळ्ळीहून आयटीतली पुण्यामुंबईची पोरंही आली होती. दाराचा प्रसंग आला. मास्तर म्हणाला, "स्वल्प थांब," आणि ती पोरं फिस्सकन हसली.

अय्यो! पुण्याच्या मास्तराच्या तोंडी बेंगळुरूचं कानडी स्वल्प! शूटिंगला आमच्यातल्या एकाच्याही कानाला खटकलं नव्हतं. खटकणार कसं? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वल्प मीठ, स्वल्प ताक, स्वल्प सरक. आम्हाला ती मराठीच. त्या पोरांच्या कानाखाली एकेक वाजवावी असं वाटलं मला.

दिवे लागले. भावाचा चेहरा पांढराफटक. बाईंपुढे हात जोडून म्हणाला, "चुकलं. तो शब्द बदलून घेतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "अहो, माझ्या कथेत त्या वाक्यापुढे पूर्णविराम आहे. मुलगी गेली, संपलं. तुमच्या मास्तराने तिथे स्वल्पविराम दिला. ती परत येईल, असं आज मला पहिल्यांदा वाटलं. शब्द बदललात तर परवानगी नाही."

माझा जीव भांड्यात पडला. भाऊ तिथेच खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. अभिमानाने ऊर नुसता भरून आला होता.

मघाशी हसलेली पोरं आता त्याच्यासोबत फोटो काढायला पुढे सरसावली. त्यांतल्या एकीने मला विचारलं, "आजी, तुम्ही सरांच्या कोण?"

"मी? हीरोची अक्का!"